नाताळच्या हॅमसोबत कोणती वाइन उघडावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबाकडे नाताळच्या संध्याकाळी १२ माणसे जेवायला येणार आहेत आणि त्यांपैकी दोघे मद्य घेत नाहीत. मुख्य पदार्थ म्हणून दहा पौंडांचा हाडासकट हॅम आणला आहे. तो आधीच शिजवलेला, धुरावलेला आणि चकत्या पाडलेला आहे. त्यावर ब्राऊन शुगर, मध, डिजों मोहरी आणि लवंग यांचा ग्लेझ, म्हणजे चकाकणारा गोड पाक, घालायचा आहे. सोबत स्कॅलप्ड पोटॅटो (साय आणि चीझमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या), ग्रीन बीन कॅसरोल, भाजलेली रताळी आणि क्रॅनबेरी सॉस असेल. यजमानांचे म्हणणे असे की मांसाचे जेवण आहे, तेव्हा कॅबर्ने ही दणकट लाल वाइनच हवी. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना हे पटलेले नाही, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नाही. बाटलीमागे साधारण २० डॉलर खर्चाची तयारी आहे.

तुमची शंका रास्त आहे, आणि तिच्यामागचे कारण तुम्हाला ठाऊकही आहे. जिलेबी खाऊन लगेच चहाचा घोट घेतला तर रोजच्याइतकी साखर असलेला चहा अगदी अगोड आणि काहीसा कडसर लागतो. चहात काहीही बदललेले नसते, फक्त जीभ गोडाला सरावलेली असते. मध आणि ब्राऊन शुगरच्या पाकात माखलेल्या हॅमच्या घासानंतर कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, लाल वाइन प्यायली की तिचे नेमके हेच होते. तिच्यातील फळांचा गोडवा दिसेनासा होतो, आंबटपणा टोचू लागतो आणि तुरटपणा जिभेवर राहून जातो. त्यामुळे या जेवणाची वाइन निवडताना हॅमच्या मांसापेक्षा त्याच्यावरच्या पाकाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी गेली १८ वर्षे दुकानात येणाऱ्या ग्राहकांना सांगत आलो आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नाशिकहून इकडे आल्यानंतरच्या दुसऱ्या नाताळात मी घरी चार माणसांना जेवायला बोलावले होते आणि पाहुण्यांचा मान राखावा म्हणून कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याची, तेव्हा मला न परवडणारी, कॅबर्ने सोविन्यॉन उघडली होती. जेवणाआधी नुसती चाखली तेव्हा सगळ्यांनी तिची वाहवा केली. हॅम वाढल्यावर मात्र ग्लास हळूहळू ताटापासून दूर सरकू लागले. एका पाहुण्याने संकोचून विचारले, की बाटली खराब तर निघाली नाही ना. बाटलीत काहीही दोष नव्हता.

कारण थोडे खोलात समजून घेतले तर पुढची निवड सोपी होते. अमेरिकेत सणाला जो हॅम सर्रास आणतात, तो म्हणजे डुकराचा मागचा पाय मीठ, साखर आणि नायट्राइट घातलेल्या पाण्यात मुरवून, हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचा धूर देऊन शिजवलेला असतो. त्यात मीठ आहे, मुरवण्यामुळे आलेली खोल मांसल चव आहे, जिला जपानी शब्दाने उमामी म्हणतात, आणि धूर आहे. वरचा पाक गोडवा आणि मसाला देतो. यांपैकी मीठ वाइनला उपकारक असते. ते आंबटपणाची आणि कडवटपणाची धार बोथट करते. उमामी आणि साखर मात्र उलट काम करतात, कारण दोन्हींमुळे वाइनचा तुरटपणा अधिक जाणवतो. कॅबर्नेसारख्या जाड सालीच्या द्राक्षात तुरटपणा, म्हणजे टॅनिन, भरपूर असते. चरबीने ओथंबलेल्या गोमांसाच्या स्टेकसोबत ते शोभते. हॅम त्या मानाने कमी चरबीचा आणि अधिक गोड असल्यामुळे तुरटपणाला आधार मिळत नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. लवंगेचा वास ज्या युजेनॉल नावाच्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य ओकच्या लाकडातही असते, आणि धुराच्या वासाला कारणीभूत असणारे ग्वायकॉल ओकची पिंपे आतून भाजताना तयार होते. म्हणजे नव्या ओकच्या पिंपात मुरलेली वाइन स्वतःच लवंग आणि धूर घेऊन येते. हॅमवर तुम्ही ४० लवंगा टोचल्या असतील तर ग्लासातून आणखी लवंगा प्यायची गरज नसते. भारी ओकमधली शार्दने ही पांढरी वाइन या जेवणाला मी टाळतो, ते मुख्यतः याच कारणाने.

तेव्हा हवे आहे असे: आंबटपणा भरपूर, तुरटपणा नाममात्र, ओकचा वास नाही, मद्यार्क बेताचा, आणि शक्य असल्यास थोडीशी साखर. मराठी स्वयंपाकात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. आपले पंचामृत, मेथांबा किंवा चिंच-गुळाची आमटी यांत गूळ एकटा कधी येत नाही, त्याच्या पाठीला आंबट असतेच. आंबटगोड पदार्थाला आंबटगोड पेय चालते, इतकाच हा हिशेब आहे.

या सगळ्या अटी एकाच द्राक्षात मिळतात, आणि ते पांढरे द्राक्ष म्हणजे रीसलिंग. विशेषतः जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यातील काबिनेट दर्जाची रीसलिंग ही माझी या जेवणासाठीची पहिली निवड आहे, आणि दुसऱ्या क्रमांकाची वाइन तिच्यापासून बरीच मागे आहे. या वाइनमध्ये लीटरला साधारण ३० ते ५० ग्रॅम साखर उरलेली असते. हा आकडा ऐकून पुष्कळ लोक नाक मुरडतात, पण कोलासारख्या पेयात लीटरला १०० ग्रॅमच्या वर साखर असते हे लक्षात घ्यावे. शिवाय मोझेलच्या थंड हवेमुळे या द्राक्षात आंबटपणा इतका टिकतो की नुसती प्यायल्यावर ती लिंबाच्या सरबतासारखी वाटते, पाकासारखी नाही. हॅमच्या घासानंतर तर तिच्यातील साखर जवळजवळ नाहीशी होते आणि उरतो तो हिरव्या सफरचंदाचा, पीचचा स्वच्छ, ताजा स्वाद. मद्यार्क आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे लांबणाऱ्या जेवणात पाहुणे पेंगतही नाहीत.

जर्मन बाटलीवरचे लेबल पाहून लोक बिचकतात, म्हणून एक लेबल उलगडून दाखवतो. समजा त्यावर ‘वेलेनर झोनेनऊर रीसलिंग काबिनेट’ असे लिहिले आहे. वेलेन हे मोझेलकाठचे गाव. कोल्हापूरचे ते कोल्हापुरी, तसे वेलेनचे ते वेलेनर. झोनेनऊर म्हणजे उन्हाच्या सावलीवर वेळ दाखवणारे छायायंत्र. मळ्याच्या उभ्या चढावर १८४२ मध्ये असे एक यंत्र बांधले गेले आणि त्यावरून मळ्याला नाव पडले. रीसलिंग हे द्राक्ष, आणि काबिनेट म्हणजे तोडणीच्या वेळी द्राक्षे किती पिकली होती त्याची पायरी. येथे एक फसगत होते. काबिनेट हा शब्द द्राक्षाचा पक्वपणा सांगतो, बाटलीतील गोडवा सांगत नाही. त्याच्या पुढे ‘ट्रॉकन’ असे असेल तर ती वाइन कोरडी आहे आणि तुमच्या पाकासमोर ती टिकणार नाही. ‘फाइनहेर्ब’ असे असेल तर किंचित गोड आहे आणि ती चालेल.

एवढे लक्षात ठेवायचे नसेल तर लेबलच्या कोपऱ्यातील मद्यार्काचा आकडा पाहावा. द्राक्षातील साखर यीस्ट खाऊन तिचे मद्यार्क करते. मद्यार्क कमी आहे याचा अर्थ साखर तशीच मागे ठेवली आहे. रीसलिंगच्या बाबतीत १० टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर वाइन गोडसर, ११ च्या आसपास असेल तर मधली, आणि १२ किंवा १२.५ च्या वर असेल तर बहुधा कोरडी, हे गणित क्वचित चुकते. अमेरिकी रीसलिंगच्या मागच्या लेबलवर पुष्कळदा एक छोटी पट्टी छापलेली असते. तिच्यावर कोरडीपासून गोडपर्यंतच्या चार पायऱ्या असतात आणि बाणाने ही वाइन कोठे बसते ते दाखवलेले असते. तुम्ही कोरडीच्या शेजारच्या दोन पायऱ्यांपैकी एक निवडावी.

वर सांगितलेल्या नामांकित मळ्याची बाटली तुमच्या खर्चात बसणे अवघड आहे, पण त्याच खोऱ्यातील डॉ. लोझन यांच्या घराण्याची ‘डॉ. एल’ नावाची साधी रीसलिंग २० डॉलरच्या पुष्कळ आत मिळते आणि या कामाला उत्तम आहे. न्यू जर्सीहून चार-पाच तासांच्या अंतरावर न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्सचा प्रदेश आहे. तेथे युरोपीय जातीची द्राक्षे थंडीत तगणार नाहीत असे सगळे म्हणत असताना मूळच्या युक्रेनच्या आणि १९५१ मध्ये अमेरिकेत आलेल्या डॉ. कॉन्स्टान्टिन फ्रँक यांनी ती लावून दाखवली आणि १९६२ मध्ये क्यूका सरोवराकाठी स्वतःची वायनरी काढली. त्यांच्या नावाची मध्यम गोड रीसलिंग आपल्या भागात सहज मिळते. अमेरिकी हॅमसोबत शेजारच्या राज्यातील वाइन ठेवण्यात एक वेगळे समाधान आहे. ‘हे येथलेच आहे’ असे सांगितले की वाइनची फारशी आवड नसलेले पाहुणेसुद्धा एक घोट घेऊन पाहतात.

खरेदीच्या आधी जमले तर एक प्रयोग अवश्य करावा. लहान भांड्यात दोन चमचे ब्राऊन शुगर, एक चमचा मध, अर्धा चमचा डिजों मोहरी आणि चिमूटभर लवंगेची पूड एकत्र करून मंद आचेवर विरघळवावी. दुकानातून आणलेल्या साध्या हॅमच्या एका चकतीवर ती चोपडून चकती तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत गरम करावी. एका ग्लासात यजमानांची आवडती कॅबर्ने, दुसऱ्यात रीसलिंग घ्यावी. आधी दोन्ही नुसत्या चाखाव्यात, मग घास खाऊन पुन्हा चाखाव्यात. दुकानातील चाखण्याच्या टेबलावर मी हे अनेकदा केले आहे. नुसत्या चाखताना कॅबर्नेला पसंती देणारे बहुतेक जण दुसऱ्या फेरीत गप्प होतात. यजमानांशी वाद घालण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

रीसलिंगचा वासही नको असणारे लोक असतात. त्यांच्यासाठी फ्रान्समधील ल्वार नदीच्या काठची वूव्रे ही शेनिन ब्लांक द्राक्षाची वाइन घ्यावी. लेबलवर ‘दमी-सेक’ असे असेल तर तिच्यात मधाची, भाजलेल्या सफरचंदाची छटा असते आणि ती तुमच्या ग्लेझला जणू मोजून मापून केलेली वाटते. नाशिकच्या सुलाची शेनिन ब्लांक ज्यांनी भारतात प्यायली आहे, त्यांना हा थोडासा गोड बाज ओळखीचा वाटेल. द्राक्ष तेच आहे. गेवुर्त्सट्रामिनर या पांढऱ्या वाइनची शिफारस हॅमसोबत सर्वत्र केली जाते. तिला लिचीचा आणि गुलाबपाण्याचा इतका दाट वास असतो की पहिला ग्लास मोहवतो, पण दुसऱ्या ग्लासापर्यंत गुलकंद खाल्ल्यासारखे होते. शिवाय तिच्यात आंबटपणा कमी असतो. बारा माणसांत तिची एक बाटली पुरे, तीही कोणाला हौस असेल तर.

लाल वाइन टेबलावर नसेल तर काही पाहुण्यांना जेवण अपुरे वाटते, आणि तो आग्रह मोडून काढण्याचे कारण नाही. तुरटपणा कमी असलेली लाल वाइन घेतली की झाले. फ्रान्समधील बोजोलेची, गामे या द्राक्षाची वाइन येथे सर्वांत भरवशाची आहे. तेथे द्राक्षांचे घोस बहुधा न फोडता अख्खेच टाकीत भरतात आणि आंबण्याची सुरुवात द्राक्षाच्या आतच होते. त्यामुळे सालीतला तुरटपणा फारसा उतरत नाही, रंग आणि चेरी-रासबेरीचा रसरशीत स्वाद मात्र उतरतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी वाजतगाजत बाजारात येणारी ‘नूव्हो’ अजून दुकानात रचलेली दिसेल, आणि ती चालेलही, पण दोन-चार डॉलर अधिक घालून ‘बोजोले-व्हिलाज’ किंवा फ्लरी, ब्रुई यांसारख्या भागांच्या नावाने विकली जाणारी बाटली घ्यावी. अशी दहा नावे आहेत आणि त्यांच्या लेबलवर बोजोले हा शब्द पुष्कळदा ठळक नसतो, त्यामुळे ग्राहक ती समोर असून ओलांडून जातात. मॉर्गों आणि मूलां-आ-व्हां ही त्यांतली जड अंगाची, ती स्टेकसाठी ठेवावीत. पिनो न्वार ही लाल वाइनही चांगली जमते, मात्र ऑरेगॉनची बरी पिनो न्वार २० डॉलरमध्ये मिळवण्यासाठी शोधाशोध करावी लागते, आणि त्याहून स्वस्त मिळणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या बाटल्यांत ओकचा आणि व्हॅनिलाचा वास इतका असतो की आपण पुन्हा लवंगेच्या त्याच घोळात सापडतो.

झिनफंडेल या लाल वाइनबद्दल माझे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे. अमेरिकी सण, अमेरिकी हॅम, म्हणून अमेरिकी झिनफंडेल, असा सल्ला दरवर्षी दिला जातो. तिच्या जॅमसारख्या पिकलेल्या फळाचे आणि ग्लेझचे सूत जुळते हे खरे आहे. पण १५ टक्के मद्यार्काची बाटली लवंग आणि मिठासोबत घशात जळजळते. १४ च्या खालची मिळाली तर जरूर घ्यावी. याउलट जिची सगळे टिंगल करतात ती फिकट गुलाबी, गोडसर ‘व्हाइट झिनफंडेल’ हॅमसोबत खरोखर चांगली लागते. सटर होम या वायनरीत १९७५ मध्ये आंबण्याची क्रिया मध्येच थांबली, साखर तशीच राहून गेली आणि त्या अपघातातून हा प्रकार जन्माला आला. तुमच्या सासूबाईंना किंवा मावशींना ती आवडत असेल तर त्यांच्यासमोर खुशाल ठेवावी. वाइनच्या ज्ञानाने नाही पण जिभेने पाहता त्यांची निवड कॅबर्नेपेक्षा बरोबर आहे.

आणि मग लॅम्ब्रुस्को. इटलीतील एमिलिया-रोमान्या या प्रांतात पार्माचा सुप्रसिद्ध प्रोश्युत्तो हॅम होतो, आणि त्याच प्रांतात ही लाल, फसफसणारी, थंड करून प्यायची वाइन होते. डुकराच्या खारवलेल्या मांसासोबत पिढ्यान्‌पिढ्या ती प्यायली गेली आहे. अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांत रियुनिते या ब्रँडची गोड लॅम्ब्रुस्को इतकी खपली की नंतर लोक या नावालाच हसू लागले, पण मूळ वस्तू वेगळी आहे. तुमच्या जेवणासाठी ‘अमाबिले’, म्हणजे मध्यम गोड, असे लिहिलेली ग्रास्पारोसा जातीची बाटली शोधावी. तिचे बुडबुडे स्कॅलप्ड पोटॅटोमधील साय आणि चीझ जिभेवरून धुऊन काढतात. लाल वाइनचा आग्रह धरणाऱ्या यजमानांना लालही मिळते आणि तुम्हाला डोकेदुखीही राहत नाही.

बुडबुड्यांचाच विषय निघाला म्हणून एक सावधगिरीची सूचना. स्वागताला प्रोसेको घेणार असाल तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ असे लेबल पाहून ती अतिशय कोरडी असेल असे समजू नये. फसफसणाऱ्या वाइनच्या भाषेत ‘ब्रूट’ म्हणजे लीटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम, म्हणजेच नावाच्या उलट ती अधिक गोड. येथे मात्र हा गोंधळ आपल्या पथ्यावर पडतो, हॅमसाठी एक्स्ट्रा ड्रायच घ्यावी.

ग्लेझ बदलला की उत्तरही बदलते. अननसाच्या चकत्या आणि चेरी लावणार असाल तर आंबटपणा आणखी वाढतो, तेथे रीसलिंग काबिनेटऐवजी एक पायरी वरची, अधिक पिकलेली ‘श्पेटलेझे’ चालते. साखर अजिबात न घालता केवळ मोहरी आणि मिरी लावणार असाल तर गोडव्याची अट उठते, आणि कोरडी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, किंवा कोरडी रीसलिंगही चालून जाते. व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी या भागांतला ‘कंट्री हॅम’ ही तर वेगळीच चीज आहे. तो पाण्यात न मुरवता कोरड्या मिठात ठेवून महिनोन्‌महिने टांगलेला असतो, आपल्याकडच्या सुक्या बोंबलासारखा खारट आणि उग्र. व्हर्जिनियातील स्मिथफील्ड या गावाच्या हॅमला तर राज्याने १९२६ मध्ये कायदा करून नावाचे संरक्षण दिले. त्याच्यापुढे बहुतेक वाइन पाण्यासारख्या वाटतात. त्याला मदेइरा हवी. पोर्तुगालच्या बेटावरची, मुद्दाम उष्णतेत मुरवलेली ही कडक वाइन अमेरिकी वसाहतींच्या काळात तेथील सुखवस्तू घरांचे आवडते पेय होती, आणि ‘रेनवॉटर’ नावाचा तिचा हलका प्रकार अजूनही २० डॉलरच्या आसपास मिळतो. तुमचा हॅम तसला नाही, पण कोणी भेट म्हणून आणला तर हे लक्षात असू द्यावे.

सोबतच्या पदार्थांची फार चिंता करू नये. ग्रीन बीन कॅसरोल हा पदार्थ न्यू जर्सीच्याच कॅमडेनमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात १९५५ मध्ये जन्माला आला. मशरूमच्या सायीदार सूपमुळे त्याला आंबट पांढरी वाइन छान जमते. क्रॅनबेरी सॉसला बोजोले जमते. रताळ्यांवर मार्शमेलो घालणार असाल तर मात्र त्या घासासोबत पाणीच प्यावे, कारण त्याला पुरेल एवढी गोड वाइन बाकीच्या जेवणाला नकोशी होईल.

हॅम तापवताना घ्यायची काळजी वाइनच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. ३२५ अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये फॉइलने झाकून तो आतून १४० अंशांपर्यंत गरम करावा, आणि ग्लेझ शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांतच लावावा. आधीच लावला तर साखर करपते, आणि करपलेल्या पाकाच्या कडवटपणापुढे मी सुचवलेली एकही वाइन टिकणार नाही. चकत्या पाडलेला हॅम लवकर कोरडा पडतो म्हणून तळाशी वाटीभर पाणी घालतातच. त्याऐवजी सफरचंदाचा रस घातला तर वासही रीसलिंगकडे झुकतो.

आता हिशेब. मद्य घेणारी दहा माणसे आहेत आणि जेवण लांबणार आहे, म्हणून माणशी तीन ग्लास धरावेत. ७५० मिलिलीटरच्या बाटलीत १५० मिलिलीटरचे पाच ग्लास होतात, म्हणजे सहा बाटल्या लागतील. सात आणाव्यात. तीन रीसलिंगच्या, दोन बोजोलेच्या, एक लॅम्ब्रुस्को आणि स्वागतासाठी एक प्रोसेको, अशी विभागणी मी स्वतः करेन. न्यू जर्सीत बहुतेक किराणा दुकानांत वाइन मिळत नाही, त्यामुळे वेगळी फेरी मारावीच लागते. ती आठवडाभर आधी मारावी, कारण नाताळच्या आदल्या दिवशी दुकानात माझ्यासारख्या माणसाला ग्राहकाकडे मान वर करून पाहायलाही फुरसत नसते. रीसलिंग फ्रिजमध्ये तीन तास ठेवून वाढण्याआधी पंधरा मिनिटे बाहेर काढावी, कारण बर्फासारख्या गार वाइनला वास उरत नाही. बोजोलेही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. हिवाळ्यात तापवलेल्या घरातील खोलीचे तापमान लाल वाइनसाठी जास्तच असते.

न पिणाऱ्या दोघांसाठी फसफसणारा ॲपल सायडर आणावा आणि तोही वाइनच्याच ग्लासात द्यावा. हॅमसोबत सफरचंद जुळतेच. पाहुण्यांत शाकाहारी कोणी असेल आणि वाइन घेणार असेल तर एक गोष्ट माहीत असावी की वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासून काढलेले द्रव्य वापरतात, म्हणून ‘व्हीगन’ असा शिक्का असलेली एक बाटली निवडून ठेवावी.

राहता राहिली यजमानांची कॅबर्ने. ती फेकून देण्याचे कारण नाही. ताटे उचलली गेली, पाकाचा गोडवा जिभेवरून उतरला, की मुरलेल्या चेडर चीझचा तुकडा आणि अक्रोड यांच्यासोबत ती उघडावी. त्या वेळी तिची खरी किंमत कळते. उरलेली रीसलिंग बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस सहज टिकते. हॅमचे हाड टाकून देऊ नये. वाळलेल्या हिरव्या वाटाण्याच्या डाळीत ते घालून दोन तास मंद आचेवर सूप उकळावे, मीठ शेवटी चाखूनच घालावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या सूपासोबत तो राहिलेला ग्लास संपवावा.